त्रेपन्न सांगितलं, पस्तीस लिहिलं

तिसरीच्या वर्गात बाईंनी 'त्रेपन्न' सांगितलं आणि मुलाने ३५ लिहिलं. चूक एकच, पण तिच्यामागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात. मुलाचा कान वाहत असेल. घरी तेलुगू बोलत असतील. दशक-एकक त्याला काड्यांच्या जुडीवर कधी दाखवलेच नसतील. आई-वडलांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे दुसरीचं दिवाळीनंतरचं सगळं वर्ष बुडालं असेल. किंवा संख्या हाताळणारी मेंदूतली यंत्रणाच त्याच्यात जन्मापासून निराळी घडली असेल.

सोलापुरात या पाचांना मिळून पूर्वी एकच शब्द होता: ढ. आता त्याच्या जोडीला डिसकॅल्क्युलिया, म्हणजे गणिताची जन्मजात अडचण, हा शब्द आला आहे. पहिला शब्द फुकट मिळतो, दुसऱ्यासाठी तपासणीची फी भरावी लागते, फरक म्हणावा तर एवढाच. कारण न शोधता दोन्ही चिकटवले जातात. आमचं म्हणणं असं की कारण शोधण्याला एक क्रम आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग वर्गातच, काड्या-चिंचोक्यांवर होतो. तो न करता मुलाला मागच्या बाकावर बसवणं आणि तो न करता दवाखान्याच्या रांगेत उभं करणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

आधी खऱ्या डिसकॅल्क्युलियाचं बघू. १९२० च्या दशकात व्हिएन्नातले मेंदूतज्ज्ञ योसेफ गेर्स्टमान यांना काही रुग्णांत चार गोष्टी एकत्र बिघडलेल्या दिसल्या: हिशेब जमेना, लिहिता येईना, डावं-उजवं कळेना आणि स्वतःच्याच हाताचं कोणतं बोट कोणतं ते सांगता येईना. इजा होती मेंदूच्या डाव्या पॅरायटल भागात, म्हणजे कानाच्या वर आणि थोडी मागे. बोटं आणि आकडे मेंदूत शेजारी-शेजारी राहतात, हे त्यातून दिसलं. पहिली-दुसरीत बोटं मोजणाऱ्या मुलाच्या हातावर पट्टी मारणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. पण ही मोठी माणसं होती, त्यांना येत असलेलं गेलं होतं. बाकी बुद्धी शाबूत असूनही लहानपणापासून गणितच जमत नाही, अशा मुलांची व्याख्या चेकोस्लोव्हाकियातले मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ मध्ये केली. पुढे मेंदूची चित्रं घेता येऊ लागली तेव्हा पॅरायटल भागातल्या एका खाचेकडे, इंट्रापरायटल सल्कसकडे, बोट दाखवलं गेलं. 'किती' हा अंदाज तिथे बांधला जातो. डिसकॅल्क्युलिया असलेल्या अनेक मुलांत तिथली रचना किंवा काम थोडं वेगळं आढळतं.

हे का होतं? मोठा वाटा रक्तातून येतो. एका मुलाला असेल तर त्याच्या भावंडांत ते सर्वसाधारण मुलांच्या पाच ते दहा पट सापडतं. त्याचं एकच एक जनुक नाही, पुष्कळ जनुकांची ती बेरीज आहे. काही ठिकाणी कारण नेमकं दाखवता येतं. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीला दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र असतं. ती छान वाचते, बोलते, गणितात मात्र अडते. वर्गातली मुलगी फार बुटकी असेल, वय होऊनही पाळी आली नसेल आणि गणितच तेवढं जात नसेल, तर तिन्ही गोष्टी एकत्र डॉक्टरांना सांगायच्या असतात. सहसा त्या तीन वेगवेगळ्या माणसांना माहीत असतात आणि कुणीच कुणाला सांगत नाही. दुसरं ठळक कारण म्हणजे दिवस पूर्ण भरायच्या फार आधी झालेला जन्म आणि कमी वजन. लंडनमध्ये अशा मुलांचा अभ्यास होऊन २००१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात गणित न जमणाऱ्यांमध्ये डाव्या बाजूच्या त्याच खाचेत करडा भाग कमी भरला होता. म्हणून कुणालाही तपासणीला पाठवताना पहिला प्रश्न प्रसूतीच्या कार्डाचा हवा: किती आठवड्यांनी जन्म, वजन अडीच किलोच्या वर की खाली, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं का. आठ-आठ तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईच्या गरोदरपणात हे प्रश्न किती जवळचे असतात ते सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, कुणाला सांगायला नको.

जगभरच्या पाहण्या शंभरात तीन ते सात मुलं असा आकडा देतात. चाळीसच्या वर्गात सरासरी दोन. मुली आणि मुलगे साधारण सारखेच, त्यामुळे 'मुलींना गणित कमीच जातं' ही समजूत इथे तरी टिकत नाही.

एक वेगळी गोष्ट लगेच सांगून टाकतो, कारण ती तातडीची आहे. काल बिनचूक सुटे देणारा दुकानदार आज दहा-वीसच्या नोटांत अडखळू लागला, तर ते वय नव्हे, चष्म्याचा नंबरही नव्हे. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. लहान मुलाचंही तसंच. कधी आलंच नाही हा एक प्रश्न. येत होतं आणि गेलं हा दुसरा. दुसऱ्यात शाळेने पुढे सांगितलेल्या सरावाचे दहा आठवडे वाट बघायची नसते.

आता बाकीच्यांकडे येऊ, कारण संख्येने तीच जास्त आहेत. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी जेमतेम एकतीस होती. राहिली एकोणसत्तर. यातली पाच-सात डिसकॅल्क्युलियाच्या खात्यावर टाका. बाकीची बासष्ट-चौसष्ट कुणाच्या खात्यावर टाकायची? एवढ्या मुलांचे मेंदू एकदम बिघडत नाहीत, बिघडतं ते शिकवणं. पण गोम अशी की न शिकवलेल्या या साठांच्या गर्दीत खरी अडलेली पाच-सात दिसेनाशी होतात. सगळेच चुकतायत म्हटल्यावर कुणाचं चुकणं वेगळं आहे ते कोण बघणार? डिसकॅल्क्युलियाच्या मुलाचा पहिला शत्रू त्याचा मेंदू नाही, त्याच्या भोवतीचं सरसकट वाईट गणित आहे.

मग क्रम कसा? पहिले डोळे आणि कान. फळा दिसत नसेल तर ६ आणि ९ मध्ये फरक करणं अवघड जातं, हे सगळे जाणतात. कानाचं मात्र राहून जातं. 'सात' आणि 'साठ' यांत फरक शेवटच्या एका व्यंजनाचा. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांची सुरुवात एकच. सर्दीने कानात पाणी साठलेलं किंवा कान वाहणारं मूल हे शब्द धड ऐकतच नाही आणि अंदाजाने लिहितं. तपासणी सोपी आहे. मुलाच्या मागे सहा फुटांवर उभं राहून, ओठ न दाखवता, हळू आवाजात दहा संख्या सांगायच्या. मग त्याच दहा समोर बसून, मोठ्याने. समोरून आठ-नऊ बरोबर आणि मागून चार-पाच, तर गणिताचं सोडा, आधी कानाच्या डॉक्टरांकडे. रक्तक्षय असलेलं, सकाळी उपाशी आलेलं मूल पहिल्या तासाला गणित करू शकत नाही. यावर फार लिहायला नको, ते कळायला शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरी पायरी भाषेची, आणि इथे सोलापूरला थांबावंच लागतं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चार भाषांत हे शहर हिशेब करतं. मराठीतली संख्यानामं भारी वाकडी आहेत. तीनाचंच बघा: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. पन्नास कधी 'वन्न' होतो, कधी 'पन्न': बावन्न, त्रेपन्न. एकक आधी बोलायचा, दशक नंतर. लिहिताना उलट, दशक आधी. एकोणतीसमध्ये तर वजाबाकी दडलेली: ऐकू येतो तीस, लिहायचा दोनाचा दशक. बरं, एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून नव्व्याण्णवला तोही मोडायचा. तेलुगूत हे काही नाही. त्रेपन्न म्हणजे याभै मूडु, पन्नास तीन. पस्तीस म्हणजे मुप्पै ऐदु, तीस पाच. कन्नडमध्येही ऐवत्तमूरु आणि मूवत्तैदु. जे आधी ऐकलं ते आधी लिहायचं, संपला विषय.

आता घरी तेलुगू बोलणारं मूल मराठी शाळेत आलं. 'त्रेपन्न'मधला 'त्रे' त्याला आधी ऐकू आला, म्हणून त्याने ३ आधी लिहिला. त्याच्या घरच्या भाषेच्या नियमाने तो शंभर टक्के बरोबर वागला! याला डिसकॅल्क्युलिया म्हणणं म्हणजे अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या माणसाला मराठी हेल येत नाही म्हणून तोतरा म्हणण्यासारखं आहे. खात्री करायची रीत अशी: तीच संख्या त्याच्या घरच्या भाषेत सांगा. याभै मूडु म्हटल्यावर त्याने ५३ लिहिलं, आणि ३५ व ५३ यांतला मोठा कोणता ते पटकन दाखवलं, तर संख्या त्याच्या डोक्यात नीट आहे, अडलंय ते नाव. दोन्ही भाषांत गोंधळ झाला तरच पुढच्या पायरीवर जायचं. वर्गातल्या सरांना तेलुगू येत नसेल तर चौथीतली मुलगी बोलावून सांगायला लावावं. ती आनंदाने करते.

याच कारणासाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी वाचनपद्धत जुन्या नावांच्या जोडीला दिली होती. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यावर काय काय विनोद झाले ते आठवत असेलच, विधानसभेतही हशा पिकला. मराठी भाषा बुडाली म्हणून गळे काढणाऱ्यांत पहिलीच्या वर्गाला शिकवणारे किती होते, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. 'पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न' हे जोडवाक्य सहा महिने बोललं तर 'त्रेपन्न' विसरत नाही, उलट पक्कं बसतं. दुसऱ्या कुठल्या शहराने नाही तरी सोलापूरने ती पद्धत उचलून धरायला हवी होती.

आकड्यांच्या लिपीचाही त्रास आहे. सेमी इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी आकडे, घरच्या कालनिर्णयावर मराठी. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी चार हा इंग्रजी आठासारखा. दुसरीपर्यंत आकडे उलटे काढणं किंवा लिपीत गोंधळणं हे आजाराचं लक्षण धरायचं नसतं. एका वर्गात एका तासाला एकच लिपी वापरा, दुसरी वेगळ्या दिवशी शिकवा. चूक बरीचशी तिथेच गळते.

तिसरी पायरी शिकवण्याची. ही ओळखायला मुलाची वही बघायला लागते, नुसते गुण बघून काही कळत नाही. ५२ वजा १७ बरोबर ४५ असं दहापैकी दहा वेळा करणाऱ्या मुलाला आम्ही हुशार म्हणू. त्याने 'मोठ्यातून लहान काढायचा' हा नियम प्रामाणिकपणे पाळला. दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन काढले. चूक ठरलेली आहे, म्हणजे डोकं नियमाने चालतंय, नियमच चुकीचा शिकवला गेला. 'तीनशे पाच' ऐकून ३००५ लिहिणाऱ्याचंही तेच: तीनशे लिहिले, पुढे पाच. त्याला ३०० चं एक कार्ड आणि ५ चं छोटं कार्ड द्या आणि पाचाचं कार्ड शेवटच्या शून्यावर ठेवायला सांगा. दोन-चार दिवसांत सुटतं.

आणखी एक प्रयोग कुणीही करून पाहावा. मुलासमोर सोळा काड्या मोजून ठेवा. त्याला १६ लिहू द्या. सहाच्या आकड्याभोवती गोल करून विचारा, हे या काड्यांत कुठे आहेत? तो सहा काड्या बाजूला काढतो. आता एकाभोवती गोल करा आणि विचारा, हा कुठे आहे? चौथीतली मुलंसुद्धा एकच काडी उचलतात. नऊ काड्या मधेच पडून राहतात आणि मुलाला त्यांचं काही वाटत नाही. हातच्याची बेरीज मात्र तो बिनचूक करत असतो! दशक त्याने पाहिलेलाच नाही, फक्त उभ्या मांडणीची कवायत केली आहे. असं मूल पाचवीच्या भागाकारात कोसळतं आणि मग सगळे म्हणतात, अचानक काय झालं.

पाढ्यांबद्दल आमचं मत जरा टोचेल. पावकी, निमकी, दिडकी पाठ असणारी पिढी होती हे खरं, आणि तिचा तोंडी हिशेब तेज होता हेही खरं. पण त्या पिढीत ज्यांना पाठ झालं नाही त्यांनी शाळा सोडली, ते आठवणी लिहायला उरले नाहीत. सुरात पाढा म्हणणाऱ्या मुलाला 'सात सख' विचारलं की ते 'सात एके सात'पासून गाडी सुरू करतं. चाल पाठ असते, संख्या नाही. त्यात घड्याळ लावून पाढे म्हणून घेतले की भीती शिरते आणि आकडे धरून ठेवायला मेंदूत जी थोडी जागा असते ती भीतीच व्यापते. अशा मुलाला बे, पाच आणि दहा एवढे तीनच पाढे पक्के द्या. सात सख हवे तर सात पंचे पस्तीस, आणखी सात, बेचाळीस. थोडं हळू होईल. होऊ द्या.

एवढं करून उरलेल्या मुलांत खऱ्या डिसकॅल्क्युलियाच्या खुणा शोधायच्या. कागदावर तीन ठिपके एक क्षण दाखवून झाका. पाच वर्षांचं मूलही न मोजता 'तीन' म्हणतं. तिसरी-चौथीतल्या या मुलाला मात्र तेही बोटाने मोजावे लागतात. चल्लस खेळताना कवड्या पडल्या की बाकीची पोरं बघताक्षणी दान ओरडतात, हे मूल वाकून मोजतं. कुणी लक्ष दिलं तर घरच्यांना ही खूण तपासणीच्या किती तरी आधी दिसते. सात मोठे की चार, याला उत्तर बरोबर देतं पण विचार करून. शून्य ते शंभरच्या कोऱ्या रेघेवर ३७ कुठे म्हटलं तर सत्तरच्या जागी खूण करतं आणि त्यात त्याला वावगं वाटत नाही. तेवीसपासून उलटं मोजताना विसाशी अडतं. पाचवीतही आठ अधिक पाचसाठी आठपासून पुढे न जाता एकपासून मोजतं. सोमवारी आलेलं मंगळवारी येत नाही. वर सांगितलेल्या ठरलेल्या चुकीच्या हे नेमकं उलट. मंगळवार बाजारात वीसच्या नोटेवर बारा रुपयांची कोथिंबीर घेतली तर परत किती यायचे याचा अंदाजच नसतो, मिळतील तेवढे घेऊन येतं. आणि हेच मूल गोष्ट रंगवून सांगतं, चित्र काढतं, कविता पाठ म्हणतं. अर्थात बरोबर वाचनाचीही अडचण किंवा चंचलता असलेली मुलंही पुष्कळ असतात, म्हणून 'बाकी सगळं उत्तम' ही अट घालून बसू नये.

या खुणा दिसल्या तरी लगेच शिक्का नको. दहा आठवडे काम करा: आठवड्याला चार दिवस, रोज वीस मिनिटं, तीन-चार मुलांचा गट. पहिले दोन आठवडे फक्त दहाच्या आत. दहा खणांची चौकट, त्यात चिंचोके. सात ठेवले तर रिकामे किती? पुढचे तीन आठवडे जुड्या. दहा सुट्या काड्या झाल्या की रबर लावायचा, आणि मुलानेच लावायचा. तयार बांधलेल्या जुड्या आणून देणं ही इथली नेहमीची चूक. बांधणं हाच तर धडा आहे. मग दहा-दहाला रंग बदलणारी शंभर मण्यांची गणितमाळ. यात एक बारकावा सांभाळायचा: ३७ चा चिमटा सदतिसाव्या मण्यावर लावायचा नाही, त्याच्या पुढच्या फटीत लावायचा, नाहीतर ३७ आहे की ३६ यावर मूल कायमचं घोटाळतं. शेवटचे आठवडे रेघेवरच्या उड्या, आणि मग पैसे. पैसे मुद्दाम शेवटी. दहाचं नाणं एकाच्या दसपट मोठं दिसत नाही, त्याची किंमत डोळ्यांना दिसत नाही, समजून घ्यावी लागते. 'व्यवहारातून शिकवा' म्हणून पहिल्याच दिवशी नाणी देणाऱ्यांचं इथेच फसतं. विडीच्या घरातलं मूल असेल तर हजाराची कल्पना मात्र आयती मिळते: पंचवीसचा कट्टा धरला तर चाळीस कट्टे म्हणजे हजार, आणि आईची मजुरी हजारावरच ठरते.

खेळायचंच तर सापशिडीत थोडा बदल करावा. सिग्लर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की सरळ रांगेत आकडे असलेल्या पटावर खेळून लहान मुलांची संख्यांची जाण सुधारते. त्यातली किल्ली ही की सोंगटी चारवर असून तीन पडले तर 'एक, दोन, तीन' असं मोजायचं नाही, 'पाच, सहा, सात' म्हणत पुढे जायचं. नेहमीच्या सापशिडीची नागमोडी वाट पहिलीच्या पोराला गोंधळात टाकते. फरशीवर खडूने सरळ पट आखलेला बरा.

अबॅकस, वेदिक गणित वगैरे क्लासच्या जाहिराती आता गल्लोगल्ली आहेत. ज्याला येतं त्याचा वेग त्याने वाढत असेल. ज्याला तीन ठिपके तीन दिसत नाहीत त्याला वेगाचं काय करायचं? आणि डोळ्यांवर पट्टी बांधून मेंदू 'जागृत' करून देणाऱ्यांविषयी एवढंच की पट्टी पालकांच्या डोळ्यांवर असते.

दहा आठवड्यांनी ज्यांचं सुधारलं त्यांचं कारण कळलं: शिकवलं नव्हतं. ज्यांच्यात खुणा तशाच राहिल्या त्यांना तपासणीसाठी पाठवायचं, आणि इथे कायदा कामाला येतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिच्या व्याख्येत डिसकॅल्क्युलियाचं नाव आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं की प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळावं आणि चौदा व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी. त्यावर परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. आमचा आक्षेप सवलतींना नाही, त्या हव्यातच. कॅल्क्युलेटर दिला तर मूल शिकणार कसं, असं विचारणाऱ्यांनी चष्मा दिला तर डोळे सुधारणार कसे, हेही विचारावं. आक्षेप आहे तो प्रमाणपत्र हेच मदतीचं दार करण्याला. आठ वर्षं म्हणजे तिसरी. तोवरची दोन-तीन वर्षं जुड्या आणि मणी वापरायला कुठल्या शिक्क्याची गरज आहे? ज्या घराला एक दिवसाची मजुरी बुडवून तपासणीच्या फेऱ्या परवडत नाहीत, त्या घरचं मूल मग प्रमाणपत्राविना आणि मदतीविना राहतं.

शिक्षक म्हणतील, वर्गात चाळीस मुलं, त्यात माहिती भरायची कामं, हे कधी करायचं? प्रश्न खरा आहे, आणि हे शिक्षकाच्या हौसेवर सोडू नये असंच आम्हालाही वाटतं. आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं त्याच्या शिक्षण परिषदेत एक दिवस या तपासणीला द्यावा, वेळापत्रकात गणिताच्या तासाची शेवटची वीस मिनिटं राखून ठेवावीत, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची फेरी या मुलांच्या नावाने लावावी. नवीन पद, नवीन इमारत काही लागत नाही.

वेळ मात्र चुकवायची नाही. शाळा जूनच्या मध्यावर भरते. जूनअखेर कान, डोळे, भाषा तपासून व्हावी, जुलैच्या पहिल्या सोमवारी गट बसावेत. दहा आठवडे सप्टेंबरच्या मध्याला संपतात. दसऱ्यानंतर कारखान्यांची धुराडी पेटतात, कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात आणि निम्मे पट रिकामे होतात. त्याच्या आत निकाल हातात हवा. जे मूल तपासणीला जायचं आहे त्याच्यासाठी एकच पान करावं: जन्माचे आठवडे आणि वजन, भावंडांत कुणाला अडचण आहे का, कान-डोळ्यांची नोंद, घरची भाषा आणि त्या भाषेत दिलेली उत्तरं, आणि जुलैत व सप्टेंबरात त्याच्याच हाताने सोडवलेल्या दहा-दहा उदाहरणांचे कागद, तारखेसकट, चुका न खोडता. एक प्रत शाळेत राहावी. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलाच्या दप्तरात द्यावी, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यावर भरणाऱ्या साखरशाळेतल्या बाईंना पुन्हा 'त्रेपन्न लिही' पासून सुरुवात करावी लागणार नाही.